कोटिंगआधी अलॉय व्हील्स कशी स्वच्छ करावीत: डांबर, ब्रेकची धूळ आणि शेवटचं पुसणं

सिरॅमिक कोटिंगची छोटी बाटली हल्ली घरबसल्या मागवता येते आणि ती लावायची पद्धतही अवघड नाही. एका चाकाला कोटिंग लावायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. तेच चाक कोटिंगसाठी तयार करायला मात्र दोन-तीन तास लागतात, आणि बहुतेक जण घाई करतात ती नेमकी इथेच. कोटिंग हा पारदर्शक, कडक थर असतो. तो चाकाच्या लॅकरला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, घट्ट धरतो तेव्हाच टिकतो. मध्ये मेण, टायर पॉलिशचं सिलिकॉन, डांबराचा ठिपका किंवा ब्रेकच्या धुळीचा कण राहिला, तर कोटिंग त्या मळाला चिकटतं आणि काही महिन्यांत त्याच्यासकट सुटतं. जिथे सुटत नाही, तिथे डाग काचेखाली ठेवल्यासारखा कायमचा दिसत राहतो. मग तो काढायचा तर आधी कोटिंगच घासून काढावं लागतं.

म्हणून हा लेख जवळजवळ पूर्णपणे सफाईबद्दल आहे. कोटिंग लावण्याबद्दल शेवटी थोडंसं आहे.

चाकावर काय बसलेलं असतं

चाकावरची काळी धूळ ही रस्त्यावरची साधी धूळ नसते. ब्रेक दाबला की पॅड बिडाच्या डिस्कवर घासतात आणि दोन्हींचे बारीक कण सुटतात. त्यातले लोखंडाचे कण तापलेले असतात आणि लॅकरमध्ये रुततात. पुढे पाणी लागलं की ते गंजतात आणि चाकावर बारीक तांबूस-तपकिरी ठिपके दिसू लागतात. ब्रेकिंगचा मोठा भार पुढच्या चाकांवर येतो आणि आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात. त्यामुळे पुढची दोन चाकं नेहमीच जास्त काळी असतात, आणि वेळही त्यांनाच जास्त द्यावा लागतो. ताम्हिणी, आंबोली, कसारा असे घाट वारंवार उतरणाऱ्या गाडीची चाकं शहरातल्या गाडीपेक्षा खूप लवकर खराब होतात. घाट खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या ब्रेकिंगवर उतरलात तर ब्रेक वाचतात, आणि चाकंही.

याशिवाय डांबर असतं. पावसाळ्यानंतर खड्डे बुजवायचं काम सुरू झालं की चाकाच्या आतल्या बाजूला डांबराचे थेंब हमखास सापडतात. बोअरच्या पाण्याने धुतलेल्या गाडीवर क्षारांचे पांढरे डाग असतात. कोकणात आणि मुंबईत खारी हवा आणि चिकट चिखल यांची भर पडते. या प्रत्येकाला वेगळं औषध लागतं. एकाच जहाल द्रवाने सगळं एकदम काढायला गेलं की चाक खराब होतं.

आधी चाक ओळखा

बहुतेक अलॉय व्हील्स रंगवलेली असतात आणि वर पारदर्शक लॅकर असतं. हा सगळ्यात सोपा प्रकार. डायमंड कट चाकांत पुढचा भाग यंत्रावर तासून चकचकीत केलेला असतो आणि ॲल्युमिनियमवर फक्त लॅकरचं संरक्षण असतं. फुटपाथला घासून हे लॅकर एकदा उडालं की पाणी आत शिरतं आणि लॅकरखाली पांढऱ्या, किड्यासारख्या रेषा पसरू लागतात. अशा रेषा दिसत असतील तर कोटिंगने काहीच साधणार नाही. ते चाक आधी दुरुस्त करून घ्यायला हवं. क्रोम किंवा लॅकर नसलेलं पॉलिश्ड ॲल्युमिनियम असेल तर आम्ल आणि जहाल अल्कली दोन्ही वर्ज्य. कुठलंही औषध आधी आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी लावून बघा. साध्या स्टीलच्या चाकालाही कोटिंग लावता येतं, पण गंज धरला असेल तर आधी घासून, प्रायमर आणि रंग देऊनच.

काय वापरू नये, तेही इथेच सांगतो, कारण हे प्रकार सर्रास चालतात. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्याने चाक दोन मिनिटांत चमकतं आणि लॅकर कायमचं धुरकट होतं. काही वॉशिंग सेंटरवर बिनलेबलच्या कॅनमधून ॲसिड मारतात. त्यात फ्लोराइडचं आम्ल असेल तर ते चाकापेक्षा माणसाला घातक. तुमच्या चाकावर काय मारतायत ते विचाराच, आणि नीट उत्तर मिळालं नाही तर मारू देऊ नका. कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, तारेची घासणी, हिरवा स्क्रबर आणि काथ्या हेही चाकापासून दूर ठेवा. रॉकेलने डांबर निघतं, पण मागे तेलकट थर राहतो आणि टायरच्या रबराला ते बाधतं. थिनर तर लॅकरच विरघळवू शकतो.

सामान

दोन बादल्या, कारचा शाम्पू, ऑल पर्पज क्लीनर, टार रिमूव्हर, आयर्न रिमूव्हर, क्ले (रुतलेला मळ ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी), आयसोप्रोपिल अल्कोहोल, नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि सात-आठ मायक्रोफायबर कापडं. चाकांची कापडं आणि क्ले पुन्हा कधीही बॉडीवर वापरायची नाहीत. त्यात अडकलेला लोखंडाचा एक कणही बॉनेटवर ओरखडे पाडायला पुरतो. त्यांना वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण करून ठेवा.

ब्रश तीन लागतात. टायरसाठी कडक, चाकाच्या आतल्या नळकांड्यासाठी लांब दांड्याचा मऊ, आणि नटांच्या खोबणींसाठी बारीक. बारीक ब्रश म्हणून रंगकामाचा जुना एक इंची ब्रश उत्तम चालतो. फक्त केसांच्या मुळाशी असलेल्या पत्र्याच्या पट्टीवर इन्सुलेशन टेप घट्ट गुंडाळा. हात खोबणीत फिरताना तीच पट्टी चाकाला लागते आणि चरे पाडते.

प्रेशर वॉशर असलाच पाहिजे असं नाही. बाल्कनीतल्या झाडांसाठी मिळणारा दोन लिटरचा हातपंप आणि दोन बादल्या पाण्यात एक चाक व्यवस्थित होतं. पाणीटंचाई असलेल्या भागात हाच मार्ग बरा.

पाण्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. घरच्या आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी अनेक जण गाडी धुवायला साठवतात. त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, कारण फिल्टरने बाहेर टाकलेले क्षार त्यातच असतात. पहिला चिखल काढायला ते ठीक, पण शेवटच्या धुण्याला मुळीच नको. शेवटच्या धुण्यासाठी एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी कापडातून गाळून ठेवा. ते हवेतल्या बाष्पाचंच पाणी असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि वाळल्यावर डाग पडत नाहीत.

चाक काढायचं की गाडीवरच धुवायचं

माझं स्पष्ट मत आहे: कोटिंग लावायचंच असेल तर चाक काढा. गाडीवर असताना आतल्या बाजूचा जेमतेम निम्मा भाग हाताला लागतो, आणि ब्रेकची धूळ सर्वांत जास्त साचते ती तिथेच. फक्त दर्शनी भागाला कोटिंग लावलं तरी फायदा होतो, पण मग अपेक्षाही तेवढीच ठेवा.

चारही चाकं एकदम काढायची गरज नाही. एक चाक काढायचं, त्या जागी स्टेपनी लावून गाडी खाली उतरवायची आणि काढलेल्या चाकावर सावकाश काम करायचं. गाडी जॅकवर ताटकळत राहत नाही आणि तुम्हालाही घाई होत नाही. दर संध्याकाळी एक चाक केलं तर चार दिवसांत काम संपतं. त्या चार दिवसांत गाडी बाहेर काढायची नाही, हे मात्र आधीच घरात ठरवून घ्या.

जागा सपाट आणि टणक हवी. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. जे चाक काढायचं त्याच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळा लावा. चाक जमिनीवर असतानाच सगळे नट अर्धा फेरा सैल करा, मग जॅक लावा, तोही मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच. चाक काढल्याबरोबर ते गाडीच्या कडेखाली आडवं सरकवा, म्हणजे जॅक घसरला तरी गाडी त्याच्यावर टेकेल. स्टेपनी बसवायच्या क्षणी ते बाहेर काढा. गाडीखाली हात-पाय घालायचे नाहीत.

किनारपट्टीवरच्या गाड्यांची चाकं गंजामुळे हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) चिकटून बसतात. अशा वेळी गाडी उचलल्यावर दोन नट दोन-तीन आट्यांवर राहू द्या आणि टायरच्या बाजूला पायाने किंवा रबरी हातोड्याने ठोका. अलॉयवर हातोडी मारू नका.

काढलेलं चाक दर्शनी बाजू वर करून गोणपाटावर ठेवा. आतली बाजू धुवायला उलटं कराल तेव्हा खाली जाड, स्वच्छ चादर घाला.

पहिलं धुणं: चिखल आणि टायर

चाक सावलीत आणि हाताला थंड लागेल असं हवं. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर तासभर थांबा. गरम चाकावर औषध पडल्या पडल्या वाळतं आणि डाग सोडतं. मेमध्ये काम करणार असाल तर सकाळी आठच्या आत सुरुवात करा.

कोरडी धूळ कापडाने झटकू नका, कॉम्प्रेसरच्या हवेने तर नाहीच. ब्रेकची धूळ फुप्फुसांत जाऊ देण्यासारखी नसते. आधी चाक भरपूर ओलं करा.

मग टायर. हे अनेकांना उलटं वाटतं, पण टायरवर जुन्या पॉलिशचं सिलिकॉन असतं. ते नंतर घासायला घेतलंत तर स्वच्छ केलेल्या चाकावर उडतं. ऑल पर्पज क्लीनर बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात पातळ करा आणि कडक ब्रशने टायरची भिंत घासा. पहिला फेस तपकिरी येईल. धुवा, पुन्हा घासा. फेस पांढरट येईपर्यंत हेच करायचं. जुन्या टायरला तीन-चार वेळाही लागतात. व्हॉल्व्हचं टोपण या सगळ्या कामात घट्ट लावलेलं असू द्या.

आता शाम्पूच्या पाण्याने चाक धुवा. आधी आतलं नळकांडं, मग आऱ्यांच्या मागची बाजू, मग नटांच्या खोबणी, शेवटी दर्शनी भाग. सर्वांत घाण जागा आधी. नटांच्या खोबणीत काळ्या ग्रीसची एक चंद्रकोर बसलेली असते, बोट फिरवलं की कळते. टेप गुंडाळलेला बारीक ब्रश त्यासाठीच. ब्रश दर वेळी साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून मगच शाम्पूत बुडवा.

आतल्या बाजूला चिकटवलेल्या बॅलन्सिंगच्या वजनांजवळ जपून. ती निघाली तर ८०-१०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं. ती कुठे आहेत त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे एखादं सुटलं तर लगेच कळेल. सुटलंच तर अंदाजाने चिकटवत बसू नका, चाक बॅलन्स करून घ्या.

डांबर आणि जुना गोंद

मी डांबर आधी काढतो आणि लोखंड नंतर, कारण डांबराखाली दबलेल्या लोखंडापर्यंत आयर्न रिमूव्हर पोहोचत नाही. चाक पुसून कोरडं करा, कारण ओल्या पृष्ठभागावर टार रिमूव्हर नीट चालत नाही. कापडाला लावून डागावर मिनिटभर दाबून धरा. डांबर विरघळून तपकिरी ओघळ येऊ लागतो. तेव्हा घासायचं नाही, पुसायचं, आणि दर वेळी कापडाची स्वच्छ बाजू घ्यायची. जुन्या, निघून गेलेल्या वजनांचा काळा गोंद राहिला असेल तर तोही यानेच निघतो. त्याला जास्त वेळ द्या आणि प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाने हलकेच सरकवा. सध्या लावलेल्या वजनांवर मात्र हे औषध जाऊ देऊ नका, नाहीतर त्यांचाही गोंद सुटेल.

हे झालं की शाम्पूने पुन्हा एकदा धुवा. टार रिमूव्हरचा तेलकटपणा राहिला तर पुढचं औषध चाकाला भिडतच नाही.

लोखंड

ही या सगळ्यातली कळीची पायरी. साध्या धुण्याने चाक डोळ्यांना स्वच्छ दिसतं, आणि बहुतेक लोक इथेच थांबून कोटिंग लावतात. आयर्न रिमूव्हर मारा, म्हणजे काय राहिलं होतं ते दिसेल.

या औषधांत बहुधा थायोग्लायकोलेट असतं. केस काढायच्या क्रीममध्येही याच कुळातलं रसायन असतं, म्हणून वासही तसाच, गंधकाचा उग्र वास येतो. लोखंडाशी संयोग झाला की ते जांभळं होतं. दर्शनी भागावर फवारल्यावर अर्ध्या-एक मिनिटात जांभळे ठिपके उमटतात आणि आऱ्यांवरून ओघळू लागतात. आतल्या बाजूला तर चाक जांभळ्या रंगात बुडवल्यासारखं होतं. लॅकरमध्ये रुतलेले कण ब्रशने न ओरबाडता विरघळवून बाहेर काढायचं काम हे रसायन करतं.

हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि काम उघड्या हवेत करा. तीन ते पाच मिनिटं थांबा, बाटलीवर कमी वेळ लिहिला असेल तर तेवढाच. मधे वाळू लागलं तर पुन्हा थोडं फवारा, कुठल्याही परिस्थितीत कोरडं होऊ देऊ नका. शेवटच्या मिनिटात मऊ ब्रश फिरवा आणि भरपूर पाण्याने धुवा. नट बसायच्या खोबणी आणि आऱ्यांचे सांधे खास धुवा, औषध तिथे तुंबून राहतं.

मग दुसऱ्यांदा फवारा. दुसऱ्या फेरीत जांभळं फारसं आलं नाही तर काम झालं. पुन्हा भरपूर आलं तर तिसरी फेरी करा. किती फेऱ्या लागतील ते चाक ठरवतं. काही वर्षं नुसत्या पाण्याने धुतलेल्या पुढच्या चाकाला तीन फेऱ्या सहज लागतात. तरीही तपकिरी ठिपके राहिलेच, तर गंज लॅकरच्या खाली गेला आहे, आणि तो कुठल्याच औषधाने निघणार नाही.

क्ले आणि क्षारांचे डाग

हात ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत घाला आणि ओल्या चाकावरून बोटं हलकेच फिरवा. पिशवीच्या पातळ प्लॅस्टिकमुळे एरवी न जाणवणारी खरखर जाणवते. जिथे खरखर लागेल तिथे क्ले वापरायचा. शाम्पूचं पाणी भरपूर शिंपडा, क्लेचा छोटा तुकडा चपटा करा आणि जोर न लावता मागे-पुढे सरकवा. क्ले घासायचा नसतो, सरकवायचा असतो. काळा झाला की घडी घालून आतली स्वच्छ बाजू घ्या. जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकूनच द्या.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग क्लेने जात नाहीत. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन कापडाने डागावर मिनिटभर लावा आणि लगेच धुवा. हे फक्त लॅकर शाबूत असलेल्या चाकावरच, उघड्या धातूवर नको. एवढ्याने न गेलेला डाग लॅकरमध्ये खोल गेलेला असतो. बारीक पॉलिश आणि फोमच्या पॅडने हाताने घासून तो फिका होईल. पॉलिश करायचं असेल ते याच टप्प्यावर, कारण पॉलिशमधली तेलं पुढच्या पायरीत काढायची असतात.

चाक खरंच स्वच्छ आहे का

दोन परीक्षा घ्या. पहिली पाण्याची: एसीचं पाणी वरून सावकाश ओता. ते सपाट पसरून पातळ पडद्यासारखं उतरलं तर चाकावर काही राहिलेलं नाही. कुठे गोल थेंब उभे राहिले तर तिथे अजून मेण किंवा सिलिकॉन आहे. नवं कोटिंग लावण्याआधी चाकावर पाण्याचे मोती दिसणं चांगलं नाही, हे लक्षात ठेवा. दुसरी परीक्षा अंधारातली: मोबाइलचा टॉर्च चाकाला जवळजवळ समांतर धरा. समोरून न दिसणारे ठिपके आणि ओघळ तिरक्या उजेडात लगेच उठून दिसतात.

शेवटचं पुसणं

चाक पूर्ण कोरडं हवं. नटांची भोकं, व्हॉल्व्हची मुळं आणि टायर-चाकाची सांध यांत पाणी दडून बसतं आणि कोटिंग लावताना नेमकं बाहेर येतं. ब्लोअर असेल तर वापरा, नसेल तर पंख्याखाली तासभर ठेवा.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं मिसळा. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळतं तेच. हँड सॅनिटायझर चालणार नाही, कारण त्यात ग्लिसरिन आणि सुगंध असतात आणि त्यांचाच थर मागे राहतो. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून आसपास शेगडी, देवघरातला दिवा, सिगारेट काहीही नको. एका कापडाने लावा, दुसऱ्या कोरड्या कापडाने लगेच पुसा, आणि आऱ्यागणिक कापडाची घडी बदला. यानंतर उघड्या बोटांनी चाकाला हात लावायचा नाही. बोटांचा तेलकटपणा कोटिंगखाली ठशासारखा राहतो.

कोटिंग आणि चाक परत बसवणं

पुसल्यानंतर लवकरात लवकर कोटिंग लावा, चाक रात्रभर तसंच ठेवू नका. आधी आतली बाजू, मग एक-एक आरा. दमट हवेत बरीचशी कोटिंग्ज लवकर सुकू लागतात, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर किंवा कोकणात एका वेळी तळहाताएवढाच भाग घ्या आणि बाटलीवरच्या वेळेत पुसून सपाट करा. पुण्या-नाशिककडे दिवाळीनंतरची कोरडी, थंड हवा या कामाला सर्वांत सोयीची. हबला टेकणारा चाकाचा मागचा गोल भाग आणि नट बसतात त्या शंकूसारख्या जागा यांना कोटिंग लागू देऊ नका. तिथे धातूला धातूच भिडायला हवा.

बाटलीवर सांगितलेला वेळ, बहुधा काही तास, चाक घरातच ठेवा. मग हबवरचा गंज तारेच्या ब्रशने झाडून चाक बसवा. तारेचा ब्रश चालतो तो फक्त इथे. नट आधी हाताने, मग पान्याने समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि गाडी खाली उतरवल्यावर टॉर्क रेंचने (ठरावीक जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने) पक्के करा. आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. पान्यावर उभं राहून आवळू नका, त्याने आटे ताणले जातात. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर टॉर्क पुन्हा एकदा तपासा.

पहिले २४ तास चाकाला पाणी नको आणि पहिला आठवडा शाम्पू नको. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी साधा शाम्पू आणि मऊ ब्रश पुरे. आयर्न रिमूव्हर तीन-चार महिन्यांतून एकदा, घाटातल्या गाडीला थोडा लवकर. टायर पॉलिश लावायचंच असेल तर फवारू नका, स्पंजने लावा आणि जादा राहिलेलं पुसून मगच गाडी काढा.